बावीसच्या जागी अकरा

संजनाचा हात झुंबरच्या मनगटावर फटकन बसला तेव्हा मंगळवारचे साडेअकरा वाजत होते आणि काचेच्या केबिनमधला पंखा नेहमीसारखाच कुरकुरत होता. "अहो मामा, अर्धं कशाला करता! दहादा सांगितलं ना, अर्धं करायचं नाही म्हणून!" ती ओरडली. चांगली मोठ्यानं ओरडली. काचेपलीकडे दोन जुने लेथ, एक ड्रिल आणि मालक जमीलभाईंनी सहा महिन्यांपूर्वी आणलेलं, कंप्युटरच्या हुकमावर चालणारं नवं कोरं सीएनसी असं सगळं चालू होतं, तरी तो आवाज बाहेर गेला असावा, कारण ड्रिलवरच्या माणसानं मान वर करून पाहिलं. झुंबरचा हात माउसवरून उडाला. समोर पडद्यावर पिवळ्या रंगात रंगवलेला पितळी दांडा होता आणि हत्याराचं टोक त्या दांड्यात सरळ घुसून लालभडक झालं होतं. चित्रातच झालं म्हणून काही मोडलं नाही, पडदा नुसता लाल होऊन थांबला. त्याच्याहून लाल संजना झाली होती. तिनं जीभ चावली, मारलेला हात ओढणीखाली लपवला आणि इतक्या बारीक आवाजात "सॉरी मामा" म्हणाली की ते पंख्याच्या कुरकुरीतच विरून गेलं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला, त्यातून सासऱ्याला, भर कामाच्या जागी सुनेनं फटका मारला होता. झुंबरला राग यायला हवा होता. त्यानं आत शोधून पाहिलं, राग कुठे सापडेना. जे सापडलं ते कबूल करायला त्याचा त्यालाच धीर होईना. त्याला बरं वाटलं होतं.

दोष सगळा अकराचा होता. कापायला सुरुवात करण्याआधी हत्यारानं दांड्यापासून जरा लांब, किती व्यासावर उभं राहायचं, ते त्या चौकटीत लिहायचं होतं. दांडा वीस मिलिमीटरचा, म्हणजे बावीस लिहायचं. झुंबरनं लिहिलं अकरा. हत्यार बिचारं सांगितल्या जागी उभं राहायला भरधाव निघालं आणि दांड्यात शिरलं. ही चूक कॉलेजातून शिकून आलेल्या कुणाकडून झाली नसती, त्यांना बावीस म्हणजे बावीसच. ही चूक करायला चौतीस वर्षं हाताच्या लेथवर उभं राहावं लागतं. तिथे जॉब, म्हणजे कापायचा दांडा, गरगर फिरत असतो आणि हत्यार एकाच बाजूनं आत जातं. ते एक मिलिमीटर आत सारलं की व्यास दोन मिलिमीटरनं उतरतो. म्हणून टर्नर माणूस जेवढं काढायचं त्याचं आधी मनात अर्धं करतो आणि मगच चाकाला हात लावतो. झुंबरनं आयुष्यात इतकं अर्धं केलं होतं की ते आता डोक्यात होतच नव्हतं, कोपराच्या खाली कुठेतरी परस्पर होत होतं. चांगुणा, त्याची बायको, तर आल्यागेल्याला हमखास सांगायची, या माणसाला दोन किलो साखर आणायला सांगावी तर एकच घेऊन येतो. हे एकदाच झालं होतं, पण ऐकणाऱ्यांना ते रोजचं वाटायचं. आणि आता हे सॉफ्टवेअर म्हणत होतं, अर्धं काय करायचं ते माझं मी बघीन, तुम्ही मला अख्खा व्यास सांगा. इतकं मोठं मन दाखवणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवायला झुंबरला जरा वेळ लागत होता.

वेळ मात्र शनिवारपर्यंतचाच होता. जमीलभाई आणि तो एका वयाचे. जमीलभाईंच्या वडिलांच्या याच शॉपमध्ये, अंबडच्या याच गाळ्यात, दोघांनी एका लेथवर हात काळे केलेले. त्यामुळे मालक झाले तरी जमीलभाई त्याला झुंबर म्हणत आणि तो त्यांना चारचौघांत भाई आणि चहाच्या टपरीवर जमल्या म्हणे. पंधरा दिवसांपूर्वी टपरीवरच जमीलभाईंनी विषय काढला होता. "झुंबर, सिन्नरचा एक जण दोन्ही लेथ घेऊन चाललाय. पंधरा दिवसांनी सोमवारी टेम्पो येईल. जागाच नाय रे उरली, काय करू. तू नव्या मशीनवर ये. संजना आहेच शिकवायला. त्याच्या आदल्या शनिवारी ते द्राक्षाच्या फवाऱ्याचं नोझल तुझं तू लाव, कंप्युटरपासून पहिल्या पीसपर्यंत, कुणाचा हात न लागता. नसलंच जमत तर खुर्ची देतो तुला. व्हर्नियर घेऊन बसायचं, आलेला माल तपासायचा. तुझं काय कमी होणार नाय. आता उभा तरी किती राहशील?" किती प्रेमानं बोलत होता जमल्या. खुर्ची खरोखरच आणलीही होती, निळी, चाकांची, पाठीला जाळी असलेली. ती तपासणीच्या टेबलापाशी पंधरा दिवस कुणाचीतरी वाट बघत उभी होती, आणि कामावर आल्याबरोबर झुंबरची नजर पहिल्यांदा तिच्याकडे जायची.

शिकण्याचा त्याला कंटाळा नव्हता, हे सांगायलाच हवं. उलट पहिल्या दिवशी संजनानं पडद्यावर दांडा फिरवून दाखवला आणि हत्यार सरसर कापत गेलं तेव्हा तो लहान मुलासारखा हसला होता. आवाज नाही, तेलाचा वास नाही, पितळेचा कीस उडून मानेत जात नाही, आणि तरी नोझल तयार! आधी हवा तो आकार रेघांनी काढायचा, मग कुठलं हत्यार, किती वेग, कुठून कुठे, ते एकेका चौकटीत भरायचं, मग चित्रात चालवून बघायचं, आणि सगळं बरोबर असलं की सॉफ्टवेअर आकड्या-अक्षरांच्या ओळीच्या ओळी काढून देतं, त्या मशीनला भरवायच्या. दिंडोरीच्या मळ्यांमध्ये ट्रॅक्टरमागे लावतात त्या फवाऱ्यांची किती हजार नोझलं त्याच्या हातांनी केली असतील देव जाणे, पण नोझल आतून असं उभं चिरून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. पडद्यावर ते दिसलं तेव्हा त्याला वाटलं, अरे, हे असं असतं होय. अन् ते दाखवणारी कोण, तर दोन वर्षांपूर्वी घरात आलेली सून. नाशिकरोडची पोरगी, डिप्लोमा झालेली. लग्नानंतर चार महिन्यांत झुंबरनंच जमीलभाईंकडे तिच्यासाठी शब्द टाकला होता. अश्विन, त्याचा मुलगा, चाकणला कामाला. पंधरा दिवसांतून एकदा घरी. त्यामुळे सकाळी आठ वाजता सातपूरच्या कॉलनीतून संजनाची स्कूटर निघे आणि मागे सासरा बसलेला. दोघांच्या मध्ये डब्यांची पिशवी. ती पिशवी पायाशी ठेवायला जागा होती, हुकही होता, पण पहिल्या दिवशी ती मध्ये ठेवली गेली आणि मग तिची तीच जागा ठरली. कॉलनीतले लोक हसत, झुंबर हसू द्यायचा. मात्र त्या पिशवीकडे बघून त्याला अधूनमधून काहीतरी व्हायचं. पोरगी चांगली होती, मान देणारी होती, मामा पाणी, मामा गोळी, मामा चष्मा. फार मान देत होती. एकदा तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि पलीकडे गॅलरीत ती फोनवर आपल्या वडिलांना झापत होती: "पप्पा, परत तंबाखू? मला कळत नाही वाटतं! येऊन खिसे तपासीन हां मी!" झुंबर हातात पेला घेऊन तसाच उभा राहिला. तिचे पप्पा पलीकडून काहीतरी सारवासारव करत असावेत. त्या माणसाचा झुंबरला चक्क हेवा वाटला. स्वतः तो तंबाखू खात नव्हता, त्याचंही त्या दिवशी वाईट वाटलं.

म्हणून मंगळवारी मनगटावर फटका बसला तेव्हा त्याला जे बरं वाटलं ते का, हे दुपारच्या जेवणापर्यंत त्याला उलगडलं होतं. पण तोवर पोरगी बदलली होती. जेवणानंतर तो पुन्हा केबिनमध्ये बसला, पुन्हा एका चौकटीत त्यानं अख्ख्याच्या जागी अर्धं टाकलं, आणि टाकल्यावर मुद्दाम तिच्याकडे पाहिलं. संजना खुर्ची हातभर मागे सारून बसली होती. तिनं तो आकडा पाहिला. ओठ हलले. मग ती म्हणाली, "असू द्या मामा. होईल हळूहळू. मी करते नीट." आणि पुढे वाकून तिनं आकडा बदलला. जगात इतकी वाक्यं होती, पोरीनं नेमकं तेच उचलावं!

कारण ते वाक्य वाळू मिस्त्रींचं होतं. जमीलभाईंच्या वडिलांच्या वेळचा हेड मिस्त्री, पेठकडचा काळा, काटक माणूस, आणि शिव्यांच्या बाबतीत हात कधी आखडता नाही. झुंबर सिन्नरजवळच्या खेड्यातून बाविसाव्या वर्षी आला, ते पहिले सहा महिने त्यानं नुसत्या शिव्या खाल्ल्या. चुकीचा पाना दिला, पान्यानंच बोटांवर टोला. हत्यार नीट घासलं नाही, ते सरळ गटारात. "तुझ्या हाताला काय लकवा भरलाय का रं? धान्य दळाया आलाय का हितं?" रात्री खोलीवर झुंबर रडायचा. त्याच्याबरोबरचा दत्तू मात्र शांत झोपायचा, कारण दत्तूला शिव्या कमी बसायच्या. आणि एक दिवस दत्तूनं एक अख्खा शाफ्ट वाया घालवला. आता याचं काही खरं नाही म्हणून झुंबर डोळे मिटून उभा राहिला, तर मिस्त्री दत्तूच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "असू द्या दत्तूराव. राहू द्या. बसा तुम्ही, मी बघतो." दत्तूचा आनंद काय विचारता! त्या संध्याकाळी त्यानं टपरीवर सगळ्यांना भजी खिलवली. मिस्त्री मला दत्तूराव म्हणाले, तुम्ही म्हणाले. भजी खाताना जुने कारागीर एकमेकांकडे बघत होते, कुणी त्याला सांगेना. वाळू मिस्त्रींची ती रीतच होती. ज्याचं काही होईल असं वाटायचं त्याला ते अरेतुरे करून सोलून काढायचे, आणि ज्याचा नाद सोडला त्याला अहोजाहो करायचे. एकदा राव लागला की त्या माणसाला पुन्हा शिवी नाही, पुन्हा लेथही नाही. दिवाळीपर्यंत दत्तू शॉपमध्ये नव्हता. पुढे त्यानं पंचवटीत मिसळीचं दुकान टाकलं, चांगलं चालवलं, ती गोष्ट वेगळी. पण झुंबर त्या दिवसापासून शिव्यांना घाबरायचा थांबला. सकाळी मिस्त्री खेकसले की त्याचा जीव भांड्यात पडायचा. मिस्त्री निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा, हार गळ्यात असताना, त्याच्या लेथवरचा जॉब हातात घेऊन म्हणाले होते, "ह्याला गुळगुळीत म्हनतोस व्हय रं गाढवा?" आणि झुंबरला सगळ्यांसमोर रडू फुटलं होतं. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत त्याला कुणीही गाढव म्हटलं नव्हतं.

तर संध्याकाळी अंबड लिंक रोडवरून स्कूटर चालली होती, मध्ये पिशवी होती, आणि झुंबर संजनाच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूकडे बघत विचार करत होता, हिनं आपला नाद सोडला. एकच शिवी दिली, म्हणजे शिवीही नाही, एकदा ओरडली, आणि दोन तासांत ओळखलं तिनं, की यातून काही निघायचं नाही. हुशार आहे पोरगी, माणूस ओळखायला मिस्त्रींना सहा महिने लागायचे. पपया नर्सरीच्या सिग्नलला ती मागे वळून म्हणाली, "मामा, बसलात ना नीट?" त्यानं हुं केलं. त्याला म्हणायचं होतं, बाई, ओरड ना जरा. पण सुनेला असं कसं म्हणायचं? कुठल्या तोंडानं? त्यानं हुं केलं तेवढंच त्या दिवसाचं बोलणं झालं. घरी संजनानं त्याला आधी वाढलं, भाकरी मोडून ठेवली, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "अजून थोडी आमटी देऊ का?" तिच्या पाठीमागे चांगुणा भुवया उडवून काय झालं म्हणून विचारत होती. नंतर एकटं गाठून ती म्हणाली, "काय म्हनलात तुम्ही पोरीला? निस्ता भात चिवडत बसली ती." झुंबर म्हणाला, "मी काय नाय म्हनलो." आणि हे तंतोतंत खरं होतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. आता संजना त्याच्या शेजारी बसायचीच नाही, उभी राहायची. विचारलं तर सांगायची, अदबीनं, एकेक शब्द जोखून. पण सगळ्यांत वाईट गोष्ट त्याला गुरुवारी दुपारी कळली. झुंबरची एक सवय होती, टर्नर लोकांची जुनी सवय: प्रत्येक जॉबचे आकडे खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. चहा पिऊन आल्यावर त्यानं आपला प्रोग्राम उघडला, वही समोर धरली, आणि दोघांचं जमेना. वहीत नऊ, पडद्यावर अठरा. वहीत सात, पडद्यावर चौदा. तीन ठिकाणी त्याच्या हातानं अर्धं केलं होतं आणि तिन्ही ठिकाणी कुणीतरी, तो चहाला गेलेला असताना, न बोलता अख्खं करून ठेवलं होतं. काचेबाहेर संजना मशीनपाशी उभी राहून कूलंट तपासत होती आणि इकडे बघायचं टाळत होती. मिस्त्री निदान तोंडावर राव म्हणायचे. झुंबरला वाटलं, आपलं लिहिलेलं आपल्या पाठीमागे कुणी पुसून नीट करावं, याच्यापेक्षा पान्याचा टोला परवडला. त्या दिवशी त्यानं एक केलं. उजव्या हाताच्या अंगठ्यावर बॉलपेननं शून्य काढलं आणि त्यावर काट मारली, ड्रॉइंगमध्ये व्यासाची असते ती खूण, अर्धं करायचं नाही याची आठवण म्हणून. प्रत्येक चौकटीशी थांबून तो अंगठ्याकडे बघे आणि मग आकडा टाके. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यानं अख्खा प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून लिहून काढला, एकट्यानं, आणि एकही आकडा अर्धा नव्हता. चित्रात चालवून पाहिला, कुठे लाल झालं नाही. त्यानं संजनाला बोलावलं. ती आली, पडदा खालपर्यंत सरकवत गेली, एका ओळीशी तिचा हात जरा थांबला, पुन्हा चालू झाला. "छान झालंय मामा," ती म्हणाली. छान! त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं घड्याळाकडे.

शनिवारी जमीलभाई नवा शर्ट घालून आले होते. सीएनसीच्या चकमध्ये पितळेचा दांडा पकडून तयार होता. झुंबर केबिनमध्ये बसला आणि पेनड्राइव्हवर प्रोग्राम घेण्याआधी त्यानं वही काढली. पहिल्या ओळीपासून बोट ठेवत गेला. सगळं जुळत होतं. जुळत होतं, आणि एका जागी जुळेना. आतलं भोक मोठं करायच्या हत्याराचा नंबर. वहीत सात, पडद्यावर पाच. त्याला क्षणभर काही कळलं नाही, मग कळलं, आणि कान गरम झाले. मशीनवर सात नंबरच्या घरात जाड दांड्याचं हत्यार लावलेलं होतं, दुसऱ्या मोठ्या जॉबचं, दहा मिलिमीटरचं. नोझलचं भोक सहाचं. सहाच्या भोकात दहाचा दांडा! पडद्यावर हत्याराचं नुसतं टोक दिसतं, दांडा दिसत नाही, म्हणून लाल झालं नव्हतं. खऱ्या मशीनवर हत्यार तुटलं असतं, कदाचित आणखीही काही. चौतीस वर्षांत त्याच्या हातानं ही चूक केली नसती. पेटीतून हत्यार उचलतानाच बोटांनी सांगितलं असतं, हे नव्हे. यादीतून निवडायला गेला आणि बोटांना कुणी विचारलंच नाही. तर ही चूक काल संध्याकाळी संजनानं पाहिली होती. छान झालंय म्हणाली होती. आणि तो हात धुवायला गेल्यावर सातचे पाच करून ठेवले होते. झुंबर हात मांडीवर ठेवून बसला. आता हे घेऊन गेलं तर नोझल सुरेख निघेल, जमल्या पाठीवर थाप मारील, सोमवारी लेथ गेले तरी आपण मशीनपाशी उभे असू. उभे असू, आणि बसलेले असू त्या निळ्या खुर्चीवरच, हे फक्त तिला आणि आपल्याला माहीत असेल. रोज स्कूटरवर मध्ये पिशवी ठेवून हे माहीत असेल. त्याला ते सोसेना. त्यानं माउस धरला, पाच खोडून पुन्हा सात लिहिले, प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला आणि दारात उभ्या असलेल्या संजनाला म्हणाला, "माझं माझ्या वहीबरहुकूम केलंय परत. सात नंबर." आणि उत्तराची वाट न बघता चालू लागला.

मशीनपर्यंत पंधरा-वीस पावलं होती. मागून हाक आली नाही. त्यानं प्रोग्राम भरला, दार ओढून घेतलं, आणि कुणाच्या ध्यानात येणार नाही अशा बेतानं वेगाची कळ फिरवून शून्यावर आणून ठेवली. ती शून्यावर असली की हत्यार जागचं हलत नाही, कितीही हिरवं बटण दाबा. यंत्राला इजा करणारा तो माणूसच नव्हता. बटणावर बोट ठेवताना त्याला भीती वाटली ती यंत्राची नव्हे. ती आली नाही तर? हाताची घडी घालून, अदबीनं, असू द्या म्हणत तिनं हे होऊ दिलं तर? जमीलभाई म्हणाले, "चल झुंबर, बिस्मिल्ला कर." त्यानं बटण दाबलं. दांडा गरगर फिरायला लागला, त्याचा आवाज चढत गेला, आणि केबिनचं दार भिंतीवर आदळलं.

"बंद करा! बंद करा आधी!" संजना धावत आली आणि तिनं लाल बटणावर अख्खा पंजा मारला. मशीन गपकन थांबलं, शॉपमधलं बाकी सगळंही हळूहळू थांबलं. "सात? सहाच्या भोकात सात नंबर घालता? दहाचा दांडा आहे तो! चौतीस वर्षं लेथ चालवला ना तुम्ही, मग डोळे कुठे होते? कुणी सांगितलं सात? मी नीट करून ठेवलं होतं, तर तुम्ही शहाण्यासारखे परत..." तिचा श्वास संपला. तिनं श्वास घ्यायला मान खाली घातली, आणि तिला शून्यावर ठेवलेली कळ दिसली. ती कळीकडे बघत राहिली. मग झुंबरकडे. "मामा," ती म्हणाली, "हे मुद्दाम केलं तुम्ही?"

"हां," झुंबर म्हणाला.

"का?"

आता सगळे ऐकत होते, पण झुंबरला त्याचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "तू असू द्या म्हनलीस. मग गुपचूप दुरुस्त कराया लागलीस. मला वाटलं, तू माझा नाद सोडला. आमच्या टायमाला वाळू मिस्त्री ज्याचा नाद सोडायचे त्याला असंच..." जमीलभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला, दत्तूराव!" ते ओरडले, आणि मग त्यांनीच संजनाला सगळी रीत सांगितली, भज्यांसकट, हसत हसत, डोळे पुसत. संजना हसली नाही. तिचा चेहरा वाकडातिकडा झाला. "आणि मला वाटलं तुम्ही रागावलात," ती म्हणाली. "हातावर मारलं म्हणून. चार दिवस झाले, घरात माझ्याशी एक शब्द नाही तुमचा. स्कूटरवर नुसतं हुं. मी म्हटलं, आता तोंडच उघडायचं नाही, चुकलं तर आपण नीट करून ठेवायचं, यांना कमीपणा नको. रात्र रात्र झोप नाही मला." ती थांबली, आणि झुंबरला वाटलं आता ती रडणार. पण ती रडली नाही, ती भडकली. मघाचं बोलणं आकड्याबद्दल होतं, हे वेगळंच होतं. "आणि कळीला कुणाचा धक्का लागला असता म्हणजे? तुकडा उडाला असता म्हणजे? मशीनवरचा जाड चष्मा तरी घातलाय का तुम्ही डोळ्यांना, बघू? नाही घातलेला! घरी जाऊन मी काय सांगितलं असतं आत्यांना? आणि अश्विनला? तुम्हाला काही झालं असतं तर मी काय करायचं होतं, सांगा ना! तोंड आहे ना, बोलायचं की तोंडानं! असला खेळ परत केलात ना मामा, तर बघा!"

झुंबर मान खाली घालून उभा होता. त्याला वर बघायची सोय नव्हती, कारण डोळे भरून आले होते, आणि तोंडावरचं हसू काही केल्या जाईना. "चुकलो," तो म्हणाला.

"चुकलोच! चला आत. पाच करा आणि पहिल्या ओळीपासून सगळं मला वाचून दाखवा. त्याशिवाय मशीनला हात लावू देणार नाही." ती पुढे निघालीसुद्धा. जमीलभाईंनी तपासणीच्या टेबलापाशी जाऊन ती निळी खुर्ची ओढली, मशीनसमोर आणली आणि स्वतःच तिच्यात ऐसपैस बसले. "वाचा, वाचा," ते म्हणाले, "मला काय घाई नाय." झुंबर केबिनमध्ये गेला. संजनानं आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला खेटून ओढली होती. त्यानं सातचे पाच केले, वाचायचा चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पहिली ओळ वाचायला सुरुवात केली. ओळीवर बोट ठेवून, अगदी हळू.

"मोठ्यानं वाचा," संजना म्हणाली. "पुटपुटू नका."